भुणभुण थांबल्यावर

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांवर घरोघरी जे बोलणं चालतं, त्यात किलो आणि किंमत यांच्या पलीकडे सहसा कुणी जात नाही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते ताटात काय घडतं ते. खाण्याची ओढ ओसरलेला माणूस काय खातो, किती खातो, कुणाबरोबर खातो, आणि औषध थांबलं की त्यातलं काय टिकतं? यावर ठामपणे बोलणारी माणसं दोन्ही बाजूंना आहेत आणि दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत. म्हणून हा वाद मी एका मावशीच्या आणि भाचीच्या तोंडी घातला आहे. दोघी कल्पित. मावशीने पुण्यात आयुष्यभर आहारशास्त्र शिकवलं. भाची औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासण्याच्या नोकरीत आहे. वजन 94 किलो आणि रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, अशा अवस्थेत डॉक्टरांनी तिला सेमाग्लुटाइड सुरू केलं. आठवड्यातून एकदा ती स्वतःच पोटाला सुई टोचून घेते.

मावशी : तू पुरणपोळी अर्धीच घेतलीस, त्याचं मला काही वाटलं नाही. पण खाताना तुझ्या चेहऱ्यावर काहीच दिसेना. तू खाल्लीस ती माझ्यासाठी.

भाची : चव मला कळत होती, मावशी. छान झाली होती. फक्त दुसरी हवीशी वाटली नाही. असं माझ्या बाबतीत आधी कधी झालेलं तुला आठवतं का? पहिली पानात असतानाच डब्यात किती उरल्यात याकडे माझं लक्ष असायचं. ऑफिसात अकरा वाजता चहाबरोबर काय येणार, संध्याकाळी कोपऱ्यावरून वडापाव घ्यायचा की टाळायचा, टाळला तर रात्री काय, हे सगळं डोक्यात सतत चालू. शेजारच्या घरात दिवसभर मोठ्याने लावून ठेवलेला रेडिओ एखाद्या सकाळी बंद व्हावा, तसं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झालं. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की बाकीच्या लोकांच्या डोक्यात तो वाजतच नसतो.

मावशी : सगळ्यांच्या डोक्यात थोडाफार वाजतो गं. आपण त्याला आवर घालतो. आमच्या पिढीने चतुर्थ्या, एकादश्या, चातुर्मास केले ते कशासाठी? जिभेला लगाम लावायची सवय व्हावी म्हणूनच.

भाची : आणि त्याच एकादशीला आपण दुप्पट खाशी म्हणतो. ती म्हण लोकांनी उगाच नाही केली. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना त्यांच्या खुशीने अर्धपोटी ठेवलं होतं, जवळपास सहा महिने. धडधाकट आणि निश्चयी मुलं होती ती. त्यांचं वजन पाव हिश्शाने उतरलं, पण त्यांना खाण्याशिवाय काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचायची, पदार्थांवरच बोलायचं, ताटातला घास पुरवून पुरवून खायचा. प्रयोग संपल्यावर कित्येकांना खाणं आवरेना. जेवण तोडलं की मेंदू खाण्याचा जप सुरू करतो. माझ्या प्रत्येक डाएटच्या वेळी हेच झालं आणि प्रत्येक वेळी घरातल्यांनी मला मनाची कच्ची ठरवलं.

मावशी : मी नाही ठरवलं.

भाची : तू बोलली नाहीस.

इथे थोडं थांबून औषधाचं काम सांगायला हवं. जेवण आतड्यात उतरलं की तिथल्या काही पेशी जीएलपी-1 नावाचं संप्रेरक सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जठर रिकामं होण्याचा वेग मंद करतं आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप पोचवतं. सेमाग्लुटाइड हे त्याच संप्रेरकाचं बदल करून टिकाऊ केलेलं रूप. मुंजारो या नावाने मिळणारं टिर्झेपाटाइड जीएलपी-1 सोबत जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. भूक आणि खाण्यातलं सुख सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांत जीएलपी-1 ओळखणाऱ्या पेशी आहेत. त्यामुळे पोटाबरोबर ओढसुद्धा निवते.

मावशी : संप्रेरकाचंच म्हणत असशील तर ते जेवणानेही सुटतं. प्रथिनं आणि चोथा असलेल्या जेवणाने जास्त सुटतं. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कोशिंबीर, ताक असं जेवलेल्या माणसाला दोन तास शेवेची आठवण येत नाही. मी हे वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं. त्यासाठी सुई कशाला?

भाची : सुटतं, पण रक्तात आलं की दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला आठवडा लागतो. तुझ्या उसळीशी माझं भांडण नाही. ज्याच्या शरीराला तेवढा निरोप पुरतो त्याने उसळ खावी आणि सुखात राहावं. मला तो पुरत नव्हता. लीड्सच्या जॉन ब्लंडेल यांच्या गटाने 2017 मध्ये एक अभ्यास छापला. लठ्ठपणा असलेली 30 माणसं, 12 आठवडे औषध, आणि त्याच माणसांना वेगळ्या टप्प्यात औषध नसलेली सुई. समोर जेवण ठेवून हवं तेवढं खा म्हटलं, तर औषधावर असताना ती सरासरी 24 टक्के कमी उष्मांक खात होती. कुणी त्यांना आवरा म्हणून सांगितलं नव्हतं. चरबीने भरलेले पदार्थ त्यांना आधीइतके खुणावत नव्हते आणि खाण्यावर ताबा ठेवणं सोपं जातंय असं त्यांनी नोंदवलं. मिनेसोटातली मुलं कमी खात होती आणि खाण्याने पछाडलेली होती. ही माणसंही कमी खात होती, पण निवांत होती.

मावशी : हे मात्र विचार करण्यासारखं आहे.

या मुद्द्यावर मी भाचीच्या बाजूची आहे. कमी खाणं आणि खाण्याचा ध्यास कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या औषधांनी उघड्यावर आणलं. जाड माणसांना आपण पिढ्यान्‌पिढ्या जे ऐकवलं, लग्नाच्या पंगतीत त्यांच्या पानाकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात अन्याय होता. तो मान्य केल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही. पण पुढचं बोलायला हवंच, आणि तिथे मावशीचं पारडं जड होतं.

मावशी : आता मला कालचं खाणं सांग. सकाळपासून.

भाची : सकाळी कॉफी, दोन बिस्किटं. दुपारी अर्धी पोळी, भेंडीची भाजी, थोडा भात. चारला चहा. रात्री काही नाही, भूकच नव्हती.

मावशी : म्हणजे दिवसभरात प्रथिनं पंचवीस ग्रॅमसुद्धा नाहीत. तुझ्या आजच्या वजनाला, किलोमागे 0.83 ग्रॅम या आपल्या साध्या शिफारशीने, साठ-सत्तर लागतात आणि वजन उतरत असताना त्याहून जास्त. तू पूर्वी वाईट खायचीस आणि खूप खायचीस. आता वाईटच खातेस, फक्त थोडं. औषधाने तुझी भूक नेली, पण बिस्किटाच्या जागी अंडं कुणी ठेवायचं?

भाची : वजन 15 टक्क्यांनी उतरलंय, मावशी. साखर नॉर्मल आहे. मोठ्या चाचणीतला आकडाही तोच आहे. 2021 साली छापलेल्या स्टेप-1 चाचणीत 1961 माणसं होती, आणि 68 आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी 14.9 टक्के उतरलं.

मावशी : काय उतरलं? चरबी की अंग? त्याच चाचणीत 140 जणांच्या शरीराचं स्कॅन केलं होतं ना? घटलेल्या वजनातला जवळपास 40 टक्के वाटा चरबी सोडून बाकीचा होता. तो सगळाच स्नायूंचा नव्हता हे मला कळतं, पण स्नायू त्यात होतेच. आता आपल्या लोकांचं बघ. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉक्टर याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी यूडकिन यांचा तो 2004 सालचा ‘लॅन्सेट’मधला फोटो मी दरवर्षी वर्गात दाखवायचे. दोघांचा बीएमआय 22.3. यूडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. दिसायला दोघेही सडपातळ. आपण जन्मतःच स्नायूंनी गरीब आणि चरबीने श्रीमंत असतो, हे पुण्याभोवतीच्या गावांतल्या बाळांवरच त्यांनी दाखवलं. अशा माणसाचे स्नायू उतरले तर त्याच्यापाशी उरतं काय? साठीला जिना चढायला लागतात ते स्नायूच.

भाची : तोच फोटो मी दुसऱ्या बाजूने वाचते. आपल्याला कमी वजनावरच पोटाची चरबी नडते. म्हणून तर आपल्याकडे 25 बीएमआयला लठ्ठपणा म्हणतात, गोऱ्या लोकांत 30 ला. आयसीएमआरच्या 2023 मध्ये छापलेल्या पाहणीत देशात 10 कोटींवर माणसं मधुमेही निघाली. त्यांना तू भाकरी-उसळीवर थांबायला सांगणार का? सिलेक्ट चाचणीत हृदयविकार असलेले, पण मधुमेह नसलेले 17,604 लोक होते. या औषधाने त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू, यांचं एकत्र प्रमाण 20 टक्क्यांनी कमी झालं.

मावशी : त्यांना मी औषध घ्यायलाच सांगीन. माझं म्हणणं एवढंच की चिठ्ठीवर औषधाखाली चार ओळी जेवणाच्या हव्यात आणि त्या कुणी लिहीत नाही. पूर्वी पेशंटला कमी खा म्हणून सांगावं लागायचं. आता खा म्हणून सांगावं लागतं, हे अजून आमच्या लोकांच्याही अंगवळणी पडलेलं नाही. थोडंच जाणार असेल तर पहिला घास डाळीचा, अंड्याचा, पनीरचा हवा. भात शेवटी, जागा उरली तर. पाणी आठवणीने प्यायचं, कारण जेवण घटलं की जेवणातून जाणारं पाणीही घटतं आणि मग बद्धकोष्ठ होतं.

भाची : ते झालंय मला.

मावशी : माहीत आहे. तुझ्या आईने सांगितलं.

भाची : तिने हेही सांगितलं असेल की गौरीच्या जेवणाला मी उलटी केली. त्याबद्दल बोलू या. मात्रा वाढवून आठवडाच झाला होता. 0.25 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर चार आठवड्यांनी वर न्यायची असते, 2.4 पर्यंत. प्रत्येक पायरीला पोट नवं शिकतं. स्टेप-1 मध्ये 44 टक्के लोकांना मळमळ झाली होती. मी काकूंना तीनदा नको म्हटलं. त्यांनी हात अडवून एक मोदक वाढलाच, वर तूप. पानात टाकायचं नाही म्हणून मी तो खाल्ला. जठर आधीच भरलेलं, तूप त्यातून खाली सरकेना. यात चूक कुणाची, मावशी?

मावशी : आग्रहाची. पण आग्रह म्हणजे आपल्याकडे माया, हे तुला ठाऊक आहे. काकूंना दुसऱ्या शब्दांत ती बोलता येत नाही. तू नको म्हणतेस तेव्हा त्यांना मोदक परत आल्यासारखं वाटत नाही, आपणच परत आल्यासारखं वाटतं. तुम्ही घेता त्या सुईने घरातल्या बायकांचं एक बोलणंच बंद पाडलंय, आणि चाचण्यांत याची नोंद होत नाही.

भाची : मग दुसरं बोलणं शिकायला हवं. मी पंगतीत बसते, वाढते, गप्पा मारते. आधी मी पंगतीत असून नसायचे, कारण माझं सगळं लक्ष ताटात. काकूंची हकीकत मी यंदा पहिल्यांदा पूर्ण ऐकली.

भाचीचं हे वाक्य मी मुद्दाम इथे ठेवलं. औषधाने खाण्यातला आनंद जातो अशी तक्रार ऐकू येते आणि काहींच्या बाबतीत ती खरी आहे. त्यांना अन्न नकोसंच होतं, तळणाच्या वासानेही ढवळतं, जेवण म्हणजे उरकायचं काम होऊन बसतं. पण ज्यांना आयुष्यभर खाण्याच्या विचाराने जुंपून ठेवलं होतं, त्यांना सुटका झाल्यावर जेवणाकडे, जेवणाऱ्यांकडे नीट पाहता येतं. एकाच औषधाने दोघांना दोन अनुभव येतात. डॉक्टरांनी तपासणीला आलेल्याला वजनकाट्यावर उभं करण्याआधी, जेवण आवडतंय का, हे विचारावं. जेवण अजिबातच नकोसं झालं असेल तर मात्रा जास्त होत असण्याची शक्यता आहे.

मावशी : बरं, ही ओढ कायमची निवते का?

भाची : जोवर औषध आहे तोवर बरीचशी. स्टेप-5 ही चाचणी दोन वर्षांची. तिच्यातल्या 174 जणांना खाण्याच्या ओढीबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं होतं. खारट-चटपटीत पदार्थांची ओढ दोन वर्षांनंतरही औषध घेणाऱ्यांत कमी होती. गोडाची ओढ पहिल्या वर्षी कमी दिसली, पण दुसऱ्या वर्षाअखेर दोन गटांतला फरक ठळक राहिला नाही.

मावशी : म्हणजे गोड परत येतं.

भाची : हळूहळू, काही जणांत. आणि औषध थांबवलं तर सगळंच येतं. स्टेप-1 च्या लोकांपैकी काहींची सुई बंद करून वर्षभर पाहिलं. उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत चढलं होतं.

मावशी : तेच अमेरिकेतल्या किराण्याच्या बिलांवरून दिसलं, नाही का? कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहिलं की घरात कुणी हे औषध सुरू केलं की सहा महिन्यांत त्या घराचा किराण्यावरचा खर्च 5 टक्क्यांच्या पुढे घटतो. वेफर्स, केक, बिस्किटं यांची खरेदी सगळ्यात जास्त पडते, दही थोडं वाढतं. आणि औषध सोडलं की बिलं पूर्ववत. याचा अर्थ मी असा लावते की त्या घरांत सवय बदललीच नव्हती. भूक झोपली होती, सवय तिच्या शेजारी जागी बसून होती.

भाची : किंवा असा लाव की हा आजार जुनाट आहे आणि औषध बंद केल्यावर तो डोकं वर काढतो. तुझी रक्तदाबाची गोळी बंद केली तर दाब वाढेल. तेव्हा तुला कुणी म्हणणार नाही की एवढी वर्षं गोळी घेऊन सवय नाही लागली.

मावशी : माझी गोळी स्वस्त आहे. मुंजारो मार्च 2025 मध्ये इथे आलं तेव्हा 5 मिलिग्रॅमची एक कुपी 4,375 रुपयांना होती. महिन्याला चार धर. शाळेतल्या शिक्षिकेने, रिक्षावाल्याने हे जन्मभर कसं घ्यायचं?

भाची : सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट मार्च 2026 पर्यंतचंच. मग देशी कंपन्यांना वाट मोकळी. पेटंट संपलं की किंमत उतरते.

मावशी : किंमत उतरली की गल्लीतल्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळायला लागेल, याची मला धास्ती आहे. तुझ्या मामेबहिणीचं लग्न आहे, ती 62 किलोची आणि तिला सात किलो उतरवायचेत. कुणाच्या तरी ओळखीने मागवते म्हणाली.

भाची : तिला मी फोन करते. तिला मधुमेह नाही, वजन उंचीला ठीक आहे. घरात थायरॉइडच्या मेड्युलरी कॅन्सरचा इतिहास आहे का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, हे कुणी विचारलंय का तिला? आणि लग्नानंतर लवकर मूल हवं असेल तर गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी हे बंद करावं लागतं. तेव्हा वजन चढणार, तेही स्नायू गमावल्यावर चरबीच्या रूपात.

मावशी : बघ, आता तू माझंच बोलतेस. थांबवायची वेळ कुणावरही येते. पैसे संपतात, बाळंतपण येतं, ऑपरेशन निघतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2025 मध्ये लठ्ठपणासाठी या औषधांची जी शिफारस केली तीही अटी घालून आणि सोबत आहार-व्यायामाची जोड सांगून. भुणभुण थांबलेली असते तेव्हाच नवं जेवण बसवायचं. तुला आज दोन वर्षं मिळालीत असं धर. या काळात भूक तुला ओढत नाहीये, म्हणजे काय खायचं ते तुला शांतपणे निवडता येतंय. तू ही दोन वर्षं बिस्किटांवर घालवते आहेस, याचा मला राग येतो.

भाची : मी कंटाळलेली असते गं. भूक नसताना स्वयंपाक करायचा म्हणजे काय असतं ते तुला नाही कळणार. आधी निदान भूक मला ओट्यापाशी उभी करायची.

मावशी : हे मला खरंच ठाऊक नव्हतं. सांग पुढे.

भाची : पोळी लाटावी असं वाटतच नाही. भाजी चिरताना वाटतं, कुणासाठी? डॉक्टरांनी मात्रा आता वाढवायची नाही असं ठरवलंय, आहे तिथेच ठेवणार. आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला सांगितलंय, ते सुरू केलंय. रात्रीचं जेवण घड्याळ लावून साडेसातला घेणार, भूक असो नसो.

मावशी : काय घेणार?

भाची : मुगाचं धिरडं. वाटीभर दही. एक अंडं.

मावशी : दोन अंडी.

भाची : एकच. दुसरं जात नाही मावशी, खरंच.

मावशी : मग धिरड्यात पनीर किसून घाल. मूग मी भिजवून, वाटून डब्यात देते. तीन दिवस टिकतं फ्रीजमध्ये. तुला फक्त तव्यावर घालायचं.